गाळ दाबणारं मशीन: घ्यावं का, आणि कुणी घ्यावं

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईतल्यांना पुढचं वाचायची सक्ती नको. मेम्ब्रेन फिल्टर प्रेस, म्हणजे गाळ कापडात दाबून त्यातलं पाणी पिळून काढणारा प्रेस, हे चांगलं मशीन आहे. पाणी वाचवायचं म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. गाळाच्या तळ्यातून सुटका हवी असेल तर जरूर घ्या, पण त्याआधी तुमचा थिकनर, म्हणजे गाळ तळाशी बसवून दाट करणारी गोल टाकी, धड चालतो का ते बघा. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा कापडाने खाल्ला, एक विकणाऱ्याच्या जिभेने.

मी डिचोली तालुक्यातल्या एका लोहखनिजाच्या वेट प्लांटमध्ये, म्हणजे खनिज पाण्याने धुणाऱ्या प्लांटमध्ये, प्रोसेस आणि पाणी बघते. प्लांटचं नाव लिहिणार नाही, प्रेस बनवणाऱ्या कंपनीचंही नाही. नोकरी प्यारी आहे, आणि तसंही जे सांगायचंय ते या जातीच्या कुठल्याही देशी प्रेसला लागू पडेल. लिहायला बसले ते वाळू धुण्याचे प्लांट टाकणाऱ्या क्रशरवाल्यांमुळे. कोल्हापूरकडून, पुण्याकडून फोन येतात. ‘मॅडम, गाळ टाकायला जागाच नाही, प्रेस घेऊ का?’ प्रत्येकाला तेच पुराण सांगण्यापेक्षा एकदा लिहिलेलं बरं.

आधी आमच्या गाळाची ओळख. गोव्याचं खनिज मऊ. वर जांभा, त्याखाली भुसभुशीत हेमेटाइट आणि गोएथाइट, आणि सोबत केओलिनसारखी चिकणमाती आणि गिब्साइट. खाणीतला माल स्क्रबरमध्ये घुसळायचा, चाळण्यांवर धुवायचा, जाड माल बाजूला काढायचा, बारीक माल क्लासिफायर, हायड्रोसायक्लोन आणि मॅग्नेटिक सेपरेटरमधून जेवढा निघेल तेवढा काढायचा. शेवटी उरतं लाल पाणी. त्यात वजनाने दहा टक्क्यांच्या आसपास घन माल असतो आणि त्यातला मोठा हिस्सा 20 मायक्रॉनच्या खालचा. बादलीत भरून रात्रभर ठेवा, सकाळी वरचं पाणी लालच. कणांवर एकाच जातीचा विद्युतभार असतो, ते एकमेकांना ढकलत राहतात आणि खाली बसायचं नाव घेत नाहीत.

आता साधा हिशोब, जो विक्रीला येणारा माणूस तुम्हाला करून दाखवणार नाही. 100 टन कोरडा गाळ धरा. दहा टक्क्यांच्या स्लरीत (गाळ-पाण्याच्या मिश्रणात) त्याच्यासोबत 900 टन पाणी येतं. थिकनरने हा गाळ दाट करून तळाशी 55 टक्के घन असलेला अंडरफ्लो दिला, तर त्यात पाणी राहतं 82 टन. म्हणजे 818 टन पाणी थिकनरच्या काठावरून ओसंडून प्लांटला परत मिळालं. हाच अंडरफ्लो प्रेसमध्ये दाबून 16 टक्के ओलाव्याचा केक (दाबलेल्या गाळाची घट्ट वडी) केला, तर केकमध्ये राहतं 19 टन. प्रेसने सोडवलेलं पाणी 63 टन. नऊशेपैकी 818 थिकनरचे आणि 63 प्रेसचे. ब्रोशरवर ‘95 टक्क्यांहून जास्त पाण्याचा पुनर्वापर’ असं ठळक छापलेलं असतं. ते खोटं नसतं, फक्त श्रेय भलत्याच मशीनला दिलेलं असतं.

आता हेही खरं की जिथे पाणीच नाही तिथे या 63 टनांचं मोल वेगळं. राजस्थानात उदयपूरजवळ जावरला हिंदुस्तान झिंकने जस्ताच्या गाळासाठी ड्राय टेलिंग प्लांट (टेलिंग म्हणजे खनिज काढून उरलेला गाळ) बसवला, तिथे प्रत्येक टक्का मोलाचाच. डिचोलीत खाणीचा खड्डा भूजलाच्या खाली गेलेला असतो आणि पाणी उपसून उपसून आम्ही थकतो. इथे पाण्याच्या टंचाईचं कारण सांगून प्रेस विकणाऱ्याने आधी जुलै महिन्यात एक चक्कर मारावी.

मग घेतला कशाला? तळ्यासाठी.

गोव्यात गाळाची तळी म्हणजे बहुतेक वेळा जुना संपलेला खड्डा, किंवा दोन डोंगरांमधली घळ आणि तिच्या तोंडाशी जांभ्या-मातीचा बांध. चीनची मागणी जोरात होती तेव्हा, 2010-11 च्या सुमारास, गोव्यातून वर्षाला 5 कोटी टनांच्या आसपास खनिज जात होतं. त्या काळात तळी भरत गेली आणि बांध उंच होत गेले. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, मग थोड्या सुरू झाल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने 88 लीज गेल्या, डिसेंबर 2022 पासून लिलाव सुरू झाले. माणसं घरी बसली, बार्ज गंजल्या, पण तळी तिथेच होती आणि पाऊस दरवर्षी येत होता. बंद खाणीचं तळं म्हणजे पगार न घेता काम करणारा धोका, असं आमचे जुने मॅनेजर म्हणायचे.

बंद तळं किती घातक असतं ते ब्राझीलमध्ये जगाने पाहिलं. 25 जानेवारी 2019 ला ब्रुमाजिन्योचा बांध फुटला. लोहखनिजाचाच गाळ. त्या तळ्यात नवीन गाळ टाकणं आधीच थांबलेलं होतं. 86 मीटर उंच बांध, जुन्या गाळावरच पाय रोवून टप्प्याटप्प्याने वर चढवलेला. आतला पाण्याने भरलेला गाळ एका क्षणात घट्टपणा सोडून वाहू लागला आणि 270 माणसं गेली. खाणीचं कॅन्टीन बांधाच्या खालच्या अंगाला होतं आणि वेळ जेवणाची होती. त्याआधी 2015 मध्ये त्याच राज्यात मारियानाजवळचा फुंडाओचा बांध फुटला होता, तेव्हा 19 जण गेले आणि डोसी नदी समुद्रापर्यंत लाल झाली. ऑगस्ट 2020 मध्ये टेलिंगच्या तळ्यांसाठी जागतिक मानक आलं ते या सगळ्यानंतर. आमचे बांध त्या उंचीचे नाहीत आणि आमच्या प्लांटने जुन्या गाळावर बांध कधी चढवलेला नाही. तरी ते व्हिडिओ पाहिल्यावर आमच्या मालकांनी नवीन तळ्याचा नकाशा बाजूला ठेवला, एवढं खरं.

तर प्रेसचा खरा फायदा हा: गाळ वाहण्याच्या लायकीचा राहत नाही. केक टिपरमध्ये भरता येतो, थर घालता येतो, उन्हाळ्यात त्यावर रोलर फिरवता येतो. ज्याला वाहताच येत नाही त्याला बांधाची गरज नाही. या एका कामात आमचा प्रेस पास आहे आणि चांगल्या मार्कांनी पास आहे.

आता मशीनबद्दल. आमच्याकडे 1500 मिलिमीटरच्या चौकोनी पॉलिप्रॉपिलिनच्या प्लेटा आहेत, शंभराच्या आसपास, एकाआड एक मेम्ब्रेनची, म्हणजे फुगणाऱ्या पडद्याची. प्लेटा हायड्रॉलिक जॅकने घट्ट मिटतात. दोन प्लेटांमधल्या पोकळीत 6-7 बार दाबाने स्लरी भरते, पाणी कापडातून बाहेर पडतं, आत 32 मिलिमीटर जाडीचा केक जमतो. मग मेम्ब्रेन फुगवून 12 ते 15 बारने पिळायचं, मग हवा मारायची, मधल्या भोकातली ओली स्लरी उलट्या हवेने काढून टाकायची, आणि प्लेटा एकेक करून उघडत केक खाली पाडायचा. एका फेरीला साधारण 12 टन कोरडा माल.

हे मधलं भोक साफ करणं, कोअर ब्लो म्हणतात त्याला, आमचे नवे ऑपरेटर सुरुवातीला टाळायचे, कारण वेळ जातो. मग प्लेट उघडली की छान सुक्या केकवर मधली ओली स्लरी भळकन पडते आणि खालचा पट्टा चिखलाने माखतो. त्याहून वाईट म्हणजे भोक तुंबतं. तुंबलं की पुढच्या फेरीत एका पोकळीत दाब आणि शेजारच्या पोकळीत काहीच नाही, आणि मध्ये अडकलेली प्लेट वाकते किंवा तडकते. रिकाम्या पोकळीवर मेम्ब्रेन फुगवलं तर तेही फाटतं. प्लेट महाग, मेम्ब्रेनची प्लेट त्याहून महाग, आणि आमच्या अनुभवात दोन्ही कधीच स्टॉकमध्ये नसतात.

ब्रोशर सांगतं, फेरी 12 मिनिटांची. तासाला पाच फेऱ्या, 60 टन. प्रत्यक्षात कापड नवं असताना आमची फेरी वीस मिनिटांची होते, म्हणजे तासाला 36 टन. फरक कुठे गेला? ब्रोशरमधला केक स्वतःहून पडतो. आमच्यातला चिकणमातीवाला केक कोपऱ्याला धरून बसतो आणि त्याला प्लास्टिकच्या पट्टीने ढकलावं लागतं. शिवाय कापड धुण्याचा वेळ ब्रोशरने मोजलेलाच नाही. विचारल्यावर विक्रीच्या माणसाने सांगितलं, ‘मॅडम, तो मेन्टेनन्स टाइम असतो.’ मेन्टेनन्स टाइममध्ये सायक्लोन थांबत नाहीत ना, त्यांचा गाळ येतच असतो. म्हणून कोटेशनमध्ये दिलेल्या क्षमतेच्या साठ टक्के धरा आणि तेवढ्यात तुमचं भागतं का बघा. भागत नसेल तर एक मोठा घेण्यापेक्षा दोन लहान घ्या. एकाचं कापड बदलताना दुसरा चालतो.

आणखी एक गोष्ट कोटेशनमध्ये नसते, ती म्हणजे मधली टाकी. थिकनर चोवीस तास गाळ देतो, प्रेस तो घोट घोट घेतो. दोघांच्या मध्ये ढवळणारी टाकी हवीच, आणि ती ढवळणारीच हवी, नाहीतर जड लोखंडी कण तळाशी बसून दगड होतात. टाकी, अ‍ॅजिटेटर, फीड पंप, कॉम्प्रेसर, हवेची टाकी, केक पडण्याचा पट्टा, शेड. प्रेसची किंमत ऐकून तुम्ही मनात जो आकडा धरला असेल, तो ही यादी लिहून काढल्यावर पुन्हा धरा. कॉम्प्रेसरचं वीजबिल तर कुणी आधी सांगतच नाही. प्रेसची मोटर किरकोळ असते, हवा महाग पडते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितेय तिथे येते. अंडरफ्लो 55 टक्क्यांऐवजी 40 टक्के घन असला तर? 100 टन मालासोबत 82 टनांऐवजी 150 टन पाणी प्रेसमध्ये येतं. जवळपास दुप्पट पाणी त्याच कापडातून, त्याच दाबाने काढायचं. फेरी लांबते, केक मऊ राहतो, कापडात बारीक माल रुततो. आणि मग मीटिंगमध्ये प्रेसला शिव्या बसतात. आमच्याकडे पहिल्या हंगामात हेच चाललं होतं. सप्लायरचा माणूस येऊन फीड प्रेशर वाढवायचा, आमचा मेकॅनिकलवाला कापड बदलायचा, आणि थिकनर बिचारा कोपऱ्यात गोल गोल फिरत पातळ गाळ देत राहायचा.

थिकनर हे सव्वाशे वर्षांच्या आसपासचं जुनं तंत्र. अमेरिकेत जॉन डॉर नावाच्या माणसाने गेल्या शतकाच्या सुरुवातीला हे बनवलं आणि आजही मूळ कल्पना तीच: मोठी गोल टाकी, मध्यभागी फीडवेल (जिथून गाळ आत येतो), तळाशी हळू फिरणारे दात. त्यात बिघडण्यासारखं फार काही नाही, त्यामुळे त्याच्याकडे कुणी बघतही नाही. पण त्यात पडणाऱ्या फ्लॉक्युलंटकडे बघावं लागतं.

आमच्याकडे अ‍ॅनायनिक पॉलिअ‍ॅक्रिलमाइडची पावडर येते. लांबच लांब साखळ्यांचा रेणू, तो बारीक कणांना एकमेकांशी बांधून मोठे पुंजके करतो आणि पुंजके खाली बसतात. लागतं अगदी थोडं, टनाला 10 ते 30 ग्रॅम. पण बनवताना घाई केली तर सगळं वाया. पावडर पाण्यात एकदम ओतली की पिठल्यात गुठळी राहावी तसे पारदर्शक डोळे तयार होतात, ते आयुष्यात विरघळत नाहीत आणि डोसिंग पंपाची जाळी बंद करतात. हळूहळू शिंपडत घालायची, 0.1 ते 0.25 टक्क्यांचं द्रावण करायचं, हळू ढवळत तासभर मुरू द्यायचं, आणि डोस देण्याआधी पुन्हा पाणी घालून पातळ करायचं. ते वेगाने फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूगल पंपातून पाठवायचं नाही, साखळ्या तुटतात. आमच्याकडे नेमका तसाच पंप कुणीतरी ‘तात्पुरता’ लावला होता. तो बदलून स्क्रू पंप आला आणि फीडवेलमध्ये दोन ठिकाणी विभागून डोस सुरू झाला, तेव्हा प्रेसची कुरकुर निम्म्यावर आली. प्रेसला हातही न लावता.

सांडलेल्या पावडरवर पाणी पडू देऊ नका, माणूस उभा राहू शकत नाही इतकं निसरडं होतं. आधी कोरडी झाडून घ्यायची, आणि ओलं झालंच तर त्यावर मीठ टाकायचं. आमच्या डोसिंग रूममध्ये खडेमिठाचं एक पोतं कायम असतं. ऑडिटला आलेले लोक हमखास विचारतात, हे कशाला?

लॅबमध्ये एक लिटरच्या मेजरिंग सिलिंडरमध्ये दर शिफ्टला एक चाचणी करा. महागडं उपकरण नको. त्या दिवसाची स्लरी, फ्लॉक्युलंटचे वेगवेगळे डोस, आणि गढूळ-नितळ सीमारेषा किती वेगाने खाली सरकते ते घड्याळ लावून बघायचं. खाणीत खोदाईची जागा (फेस) बदलली, चिकणमाती वाढली, की सिलिंडर तासाभरात सांगतो. प्रेस ते तुम्हाला दुसऱ्या दिवशी सांगतो, तेही चिखल करून. आणि डोस जास्त झाला तरी त्रासच. केक चिकट होतो, कापडाला गोंदासारखा धरतो. पाणी नितळ दिसतं म्हणून ऑपरेटर खूश असतो, खाली प्रेसवाला पट्टी घेऊन घाम गाळत असतो.

कापड. यावर वेगळा लेख होईल, थोडक्यात उरकते. पॉलिप्रॉपिलिनचंच, पण विणीत खूप फरक. मोनोफिलामेंट (एकाच तंतूच्या धाग्याचं) गुळगुळीत, केक सहज सुटतो, पण पहिल्या मिनिटाला बारीक माल निघून जातो. मल्टिफिलामेंट (अनेक बारीक तंतूंच्या धाग्याचं) पाणी नितळ देतं, पण हळूहळू तुंबतं. सप्लायरने जे दिलं होतं ते बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी उद्योगासाठी निवडलेलं असावं. मोठी ऑर्डर देण्याआधी तीन-चार प्लेटांवर तीन-चार प्रकारचं कापड लावून एकाच वेळी चालवून बघा, फरक डोळ्यांना दिसतो. कंपनी आयुष्य हजारो फेऱ्यांचं सांगते. आमच्या गाळात ते त्याच्या निम्म्यापर्यंतही जात नाही, तेसुद्धा जेट पंपाने नियमित धुतलं तर. आमचा दोडामार्गचा फिटर कापडावर नुसता हात फिरवतो आणि सांगतो, ‘मॅडम, ह्या कापड आता काय कामाचा नाय.’ दोन दिवसांनी फेरीचा वेळ त्याचं म्हणणं खरं करतो. त्याचा पगार वाढवायला हवा, पण तो विषय इथला नाही.

पहिल्या मिनिटाचं गढूळ पाणी स्वच्छ पाण्याच्या टाकीत सोडू नका, थिकनरला परत पाठवा. कोटेशनमधल्या पायपिंगमध्ये आमच्याकडे ते थेट स्वच्छ टाकीतच सोडलं होतं. व्हॉल्व्ह आणि थोडा पाइप, तेवढंच काम, पण आधी सांगितलं तरच होतं.

प्लांटमधून बाहेर सोडायच्या पाण्यात तरंगता गाळ लिटरमागे 100 मिलिग्रॅमच्या आत हवा, ही सर्वसाधारण मर्यादा. प्रदूषण मंडळाने दिलेल्या तुमच्या संमतिपत्रात याहून कडक अट असू शकते, ती वाचा. आम्ही प्लांटचं पाणी बाहेर सोडतच नाही, सगळं फिरवतो. आणि तरीही पावसाळ्यात ओढा लाल होतो. इथे सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. डंपच्या (खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगाच्या) उतारावरून, खाणीच्या रस्त्यावरून, टिपरच्या चाकांवरून जी माती वाहते ती प्रेसच्या वाटेलाच जात नाही. तिच्यासाठी डंपच्या पायथ्याला चर, जांभ्याचे अडवणारे बांध, एकामागे एक निवळण्याचे खड्डे, आणि मे महिन्यात ते सगळे उपसून रिकामे करणं, हेच लागतं. कंटाळवाणं काम, फोटो चांगले येत नाहीत, म्हणून त्याला बजेट मिळायला सगळ्यात जास्त भांडावं लागतं. खालच्या गावातल्या शेतकऱ्याला लाल पाणी डंपवरून आलंय की प्लांटमधून, याच्याशी देणंघेणं नाही, आणि का असावं? त्याच्या वायंगणात, म्हणजे हिवाळी भाताच्या शेतात, माती बसली की बसली. आमच्या मालकांना प्रेस बसवल्यावर वाटलं होतं की आता गावाशी वाद मिटला. पहिल्या मोठ्या पावसात सरपंचांचा फोन आला.

केकचंही पावसाळ्यात बघावं लागतं. पडताना तो इतका घट्ट असतो की त्यावर पाय ठेवून उभं राहता येतं. उघड्यावर दोन दिवस पावसात राहिला की पुन्हा चिखल. म्हणून शेड हवी, तीही किमान काही दिवसांचा केक मावेल एवढी, कारण मुसळधार पावसात टिपर खड्ड्यापर्यंत जाऊच शकत नाहीत. टिपरच्या हौद्याला केक चिकटतो. आमचे ड्रायव्हर आधी कोरडी माती पसरून घेतात, तरी रिकाम्या फेरीत थोडा माल परत येतोच.

सर्व्हिसचं सांगते. मशीन बसवायला आलेले पोरगे हुशार होते, ऑपरेटरांना मन लावून शिकवून गेले, त्याबद्दल पूर्ण मार्क. त्यानंतरची सेवा मात्र फोनवरची. सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा, पासवर्ड कंपनीकडेच. पिळण्याचा वेळ एका मिनिटाने वाढवायचा तर त्यांचा इंजिनिअर लॅपटॉप घेऊन येणार, त्याचं येणं-जाणं-राहणं आमच्या माथी. खूप पत्रव्यवहारानंतर वेळ आणि दाब बदलायची मुभा मिळाली. तुम्ही ऑर्डर देतानाच लिहून घ्या: प्रोग्रॅमची प्रत, पासवर्ड, आणि सगळे टायमर ऑपरेटरच्या स्क्रीनवर. आगाऊ रकमेचा चेक देण्याआधी. नंतर कुणी देत नाही.

सुरक्षेचं एकच, पण महत्त्वाचं. प्रेसच्या बाजूला प्रकाशाचा पडदा असतो, मध्ये हात आला की प्लेटा थांबतात. त्याच्या काचेवर लाल शिंतोडे उडतात आणि मशीन विनाकारण थांबतं. मग कुणीतरी शहाणा तो पडदा बायपास करतो. काच पुसायला प्रत्येक फेरीनंतर एक फडकं आणि एक माणूस ठेवा. त्या प्लेटा मिटताना मध्ये काय आहे ते बघत नाहीत.

क्रशरवाल्यांसाठी वेगळं लिहिते, कारण तुमची परिस्थिती आमच्याहून सोपी आहे. तुमचा गाळ दगडाच्या भुकटीचा, बहुतेक बेसॉल्टचा, आमच्या चिकणमातीइतका हट्टी नाही. मात्र वरच्या थरातली मुरमाड माती क्रशरला जात असेल तर तो तुमचीही परीक्षा घेईल. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे थिकनरच नाही, नुसते खड्डे आहेत, त्यांनी आधी थिकनर आणि फ्लॉक्युलंटची टाकी लावा. वरच्या हिशोबाप्रमाणे बहुतेक पाणी तिथेच परत मिळेल. एक हंगाम चालवा, अंडरफ्लोची घनता रोज लिहून ठेवा, मग त्या वहीवरून प्रेसचं माप काढा. वही नसताना काढलेलं माप म्हणजे विकणाऱ्याच्या मनातलं माप.

जुना, वापरलेला प्रेस घ्यावा का, असंही दोघा-तिघांनी विचारलं. सांगाडा आणि हायड्रॉलिक सिलिंडर ठीक असेल तर हरकत नाही, लोखंड टिकतं. प्लेटा मात्र एकेक करून सपाट फरशीवर ठेवून बघा, वाकलेल्या किती आहेत ते मोजा, कडांवर कापडाखाली बोट फिरवून खाचा शोधा. खाच असेल तिथून 7 बारने फवारा उडणार. कापड आणि मेम्ब्रेन शून्य किमतीचे धरा, विकणारा काहीही म्हणो. आणि तो प्रेस आधी कुठल्या कारखान्यात होता ते विचारा. रंग-रसायनाच्या कारखान्यातला असेल तर प्लेटा आणि पाइप धुतलेलं पहिलं पाणी तुमच्या निवळण्याच्या खड्ड्यात सोडू नका, वेगळ्या टाकीत धरून तपासून घ्या.